क्लोरीन काढायचा, पण शेवटच्या पावलावर : रुग्णालयातलं पिण्याचं पाणी

केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाच्या उशाशी स्टीलचा पेला असतो. सकाळी मावशींनी भरून ठेवलेला, दुपारपर्यंत जवळपास तसाच. रुग्ण एक घोट घेतो, तोंड वाकडं करतो आणि पेला खाली ठेवतो. औषधांमुळे त्याच्या तोंडाला आधीच लोखंड चाटल्यासारखी चव आलेली असते. त्यात पाण्याला क्लोरीनचा उग्र किंवा टाकीचा कुबट वास असेल, तर घशाला कोरड पडली तरी पाणी उतरत नाही. मग नातेवाईक खाली जाऊन कोपऱ्यावरच्या टपरीतून थंडगार पाणी आणतात. ते कुठलं, कोणी भरलं, कशात भरलं, हे कोणालाच ठाऊक नसतं.

म्हणून रुग्णालयात पाण्याची चव ही चैनीची बाब नाही. चव बिघडली की एकतर रुग्ण पाणी कमी पितो, नाहीतर बाहेरचं पितो, आणि दोन्ही त्याला महाग पडतं. अडचण अशी की चव सुधारण्याचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे क्लोरीन काढून टाकणं, आणि क्लोरीन निघाला त्या क्षणापासून पाण्याला राखणदार उरत नाही. तेव्हा क्लोरीन कुठपर्यंत ठेवायचा, कुठे काढायचा आणि काढल्यावर पाणी कसं जपायचं, हे रुग्णालयातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. अभियंत्याला, सिस्टरना आणि पाण्याचे जग भरणाऱ्या मावशींनाही.

एकच पाणी, पण पिणारा वेगळा

आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचं मानक आहे आयएस १०५००. त्यानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू मुळीच आढळता कामा नये. हा जंतू आतड्यातला. तो सापडला याचा अर्थ पाण्यात कुठेतरी मैला मिसळला. धडधाकट माणसासाठी ही कसोटी बरीच भरवशाची आहे. पण रुग्णालयात त्रास देणारे काही जंतू मैल्यातून येतच नाहीत. ते पाइपात, नळाच्या जाळीत, कूलरच्या तळाशी राहतात आणि तिथेच वाढतात. त्यातला मुख्य म्हणजे स्यूडोमोनास. आयएस १०५००च्या नेहमीच्या तपासणीत त्याचा शोध घेतला जात नाही. बाटलीबंद पाण्याच्या आयएस १४५४३ या मानकात मात्र २५० मिलिलिटरमध्ये तो आढळता कामा नये अशी अट आहे. त्यामुळे ‘रिपोर्ट चांगला आला’ असं कोणी सांगितलं, तर कशाचा रिपोर्ट हे आधी विचारायचं.

हा जंतू काय करू शकतो ते उत्तर आयर्लंडमध्ये २०११च्या डिसेंबरात आणि २०१२च्या जानेवारीत दिसलं. तिथल्या नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांत स्यूडोमोनासच्या संसर्गाने चार बाळं दगावली. शोध घेत गेल्यावर माग नळांपर्यंत पोचला. नळाच्या तोंडाशी बसवलेल्या बारीक भागांवर जंतूंचा बुळबुळीत थर होता. पालिकेकडून येणारं पाणी चांगलंच होतं. बिघाड शेवटच्या वीतभर अंतरात होता.

जास्त जपायचं कोणाला? केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी घसरलेले रुग्ण, त्यातही न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्ताच्या मायक्रोलिटरमागे ५००च्या खाली गेलेले. अस्थिमज्जा किंवा अवयव प्रत्यारोपण झालेले. अतिदक्षता विभागातले, भाजलेले, कमी दिवसांची जन्मलेली बाळं. ज्यांना गिळताना ठसका लागतो असे पक्षाघाताचे रुग्ण, कारण त्यांच्या बाबतीत पाणी पोटाऐवजी फुप्फुसात जाऊ शकतं. आणि गरोदर बायका, ज्यांचा विचार या यादीत सहसा होत नाही. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ एरवी बहुतेकांची बरी होते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली तर पाचातली एक बाई दगावू शकते.

या काविळीने एक कायमचा धडा दिलेला आहे. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पुरानंतर सांडपाणी शहराच्या पाण्यात शिरलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ई होती, हे पुढे कित्येक वर्षांनी कळलं. त्या वेळी क्लोरीनची मात्रा वाढवलेली होती. तिने टायफॉइड, हगवणीचे जंतू रोखले, विषाणू मात्र निसटला. म्हणून विषाणूंची भीती असेल तेव्हा आयएस १०५००मध्ये उरलेला क्लोरीन, म्हणजे रेसिड्युअल क्लोरीन, लिटरला किमान ०.५ मिलिग्रॅम मागितला आहे. एरवीची किमान मर्यादा ०.२ आहे. रुग्णालयाने ०.५ हाच आकडा धरून चालावं.

पालिकेच्या लाइनपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत

आपल्या बहुतेक शहरांत पाणी चोवीस तास येत नाही. पाणी बंद असताना लाइनमधला दाब उतरतो आणि जिथे जोड सैल असेल किंवा पाइपाला चीर गेली असेल, तिथून बाजूच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांत येणारं गढूळ पाणी हेच असतं. ते जमिनीखालच्या टाकीत जाऊ देऊ नये. टाकीच्या आधी एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, आणि दोन व्हॉल्व्ह बसवले, की पहिलं पाणी बागेला किंवा धुण्याकडे वळवता येतं. खर्च थोडा आहे, फायदा मोठा.

जमिनीखालच्या टाकीचं झाकण आजूबाजूच्या फरशीपेक्षा किमान वीतभर उंच हवं, नाहीतर पावसाळ्यात अंगणाचं पाणी आत उतरतं. टाकीपासून ड्रेनेजचं चेंबर जितकं लांब तितकं चांगलं. टँकरचं पाणी घ्यावं लागलं तर प्रत्येक टँकरचा क्लोरीन उतरवून घेण्याआधी तपासायचा. टँकरवाला घाईत असतो. पण ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती टाळली तर अख्खी टाकी हातची जाते.

गच्चीवरच्या टाकीची अडचण उन्हाची आहे. थंड देशांत साठवलेलं गार पाणी २० अंशांच्या खाली ठेवा असा नियम असतो, कारण लिजिओनेला नावाचा जंतू साधारण २५ ते ४५ अंशांत जोमाने वाढतो. नागपूर, जळगाव किंवा सोलापूरला मे महिन्यात काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीतलं पाणी सहज त्या तापमानात असतं. तिथे २० अंशांचा नियम पाळणं शक्यच नाही. लिजिओनेलाची ओळख १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका मेळाव्यानंतर पसरलेल्या न्यूमोनियातून झाली. तो पोटातून फारसा बाधत नाही. पाण्याचे तुषार श्वासातून आत गेले किंवा ठसका लागून पाणी फुप्फुसात उतरलं की बाधतो. आपल्याकडे त्याच्यावर उपाय तीन. टाकीवर पत्र्याची किंवा शेडनेटची सावली, एका दिवसात संपेल इतकाच साठा, आणि रोज तपासलेला क्लोरीन. पाच दिवसांचं पाणी साठवणारी मोठी टाकी अभिमानाने दाखवली जाते, पण पिण्याच्या पाण्यासाठी ती वाईटच. पिण्याची टाकी छोटी आणि वेगळी असावी.

गरम पाण्याची लाइन असेल तर साठा ६० अंशांवर ठेवावा आणि फिरून परत येणारं पाणी ५५च्या खाली उतरू देऊ नये. वीज वाचवण्यासाठी गिझर ४५वर ठेवणं म्हणजे या जंतूला घर बांधून देणं.

टाकी धुण्याचं काम तीन महिन्यांतून एकदा, पावसाळ्यात त्याहून लवकर. टाकी रिकामी करून तळ आणि भिंती ब्रशने घासायच्या. हा ब्रश फक्त टाकीचाच असावा. गाळ उपसून बाहेर काढायचा, तो पाइपात सोडायचा नाही. मग टाकी भरून त्यात लिटरला ५० मिलिग्रॅम इतका क्लोरीन होईल असं औषध घालायचं. हिशोब सोपा आहे. ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १,००० लिटरला १ लिटर, म्हणजे ५,००० लिटरच्या टाकीला ५ लिटर. मग प्रत्येक मजल्यावरचा प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडायचा, सगळे बंद करून एक तास थांबायचं, सगळं पाणी सोडून द्यायचं आणि ताज्या पाण्याने धुवून काढायचं. नळ न उघडता नुसती टाकी धुतली तर पाइपातला थर तसाच राहतो. या कामाआधी वॉर्डांतल्या आरओ मशीनचे आणि डायलिसिसच्या पाण्याच्या प्लँटचे व्हॉल्व्ह बंद करायलाच हवेत. एवढ्या क्लोरीनने आरओचं मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, जळतं, आणि डायलिसिसमध्ये क्लोरीन रुग्णाच्या रक्तापर्यंत पोचला तर तांबड्या पेशी फुटतात. डायलिसिसच्या एका बैठकीत रुग्णाच्या रक्तालगत सुमारे १२० लिटर पाणी फिरतं, मध्ये असतो एक पातळ पडदा. त्या पाण्याचे नियम पूर्णपणे वेगळे आहेत आणि त्यांची पिण्याच्या पाण्याशी गल्लत करू नये.

टीसीएल किती, कसं, आणि मोजायचं कशानं

गावोगावच्या जलसुरक्षकांच्या तोंडी असलेला शब्द म्हणजे टीसीएल, अर्थात ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. लिटरला १ मिलिग्रॅम मात्रा द्यायची तर १,००० लिटरला ३ ग्रॅम पावडर लागते. पण पोतं उघडं राहिलं, ओल लागली की हा टक्का झपाट्याने उतरतो. २० टक्क्यांवर आलेली पावडर त्याच कामाला ५ ग्रॅम लागते. हायपोचंही तसंच. ५ टक्क्यांचं ताजं हायपो १,००० लिटरला २० मिलिलिटर पुरतं, पण उन्हाळ्यात गच्चीवर ठेवलेला कॅन दोन महिन्यांनी ५ टक्क्यांचा उरलेला नसतो. कॅन सावलीत, झाकण घट्ट, आणि आणल्याची तारीख मार्करने वर लिहिलेली.

पावडर टाकीत थेट भुरभुरायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात ती कालवून आधी लगदा करायचा, गुठळ्या मोडायच्या, मग पाणी वाढवून ढवळायचं आणि दहा मिनिटं स्थिर ठेवायचं. खाली चुना बसतो. वरची निवळ टाकीत ओतायची, चुना फेकून द्यायचा. चुना टाकीत गेला तर पाणी गढूळ दिसतं, नळांच्या जाळ्या बंद होतात आणि चव तुरट होते. औषध घातल्यावर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर पाणी वापरू नये. पाणी मुळातच गढूळ असेल तर क्लोरीन मातीच्या कणांवरच खर्च होतो आणि कणांच्या आड जंतू सुरक्षित राहतात. तेव्हा आधी तुरटी आणि गाळणी, मग क्लोरीन.

मोजण्यासाठी पूर्वी सगळीकडे ओटी टेस्ट होती, पिवळा रंग देणारी. तिच्यातलं रसायन आरोग्याला घातक मानलं जातं, म्हणून आता डीपीडी वापरावी. तीत गुलाबी रंग येतो. १० मिलिलिटर पाण्यात गोळी विरघळवायची आणि मिनिटाभरात रंग ताडून पाहायचा. उशीर केला तर आकडा फुगतो. इथे एक फसगत ठरलेली आहे. क्लोरीन फार जास्त असेल तर तोच गुलाबी रंगाला ब्लीच करतो आणि नळी पांढरीच दिसते. पाहणाऱ्याला वाटतं क्लोरीन शून्य आहे आणि तो आणखी औषध घालतो. नाकाला वास येतोय पण नळी पांढरी आहे, असं झालं तर नमुन्यात पाचपट डिस्टिल्ड वॉटर मिसळून पुन्हा बघायचं.

तपासणी टाकीजवळच्या नळाला करून भागत नाही. टाकीपासून सगळ्यात लांबच्या, सगळ्यात कमी वापराच्या नळाला करायची. तिथे ०.२ पेक्षा कमी आणि टाकीत ०.५ असेल, तर मधल्या पाइपात क्लोरीन खाणारं काहीतरी आहे. बहुधा वापरात नसलेली लाइन, बंद पडलेली खोली किंवा कापून टोपण लावलेला पाइपाचा तुकडा. अशा आंधळ्या तुकड्यात पाणी महिनोन्‌महिने उभं राहतं आणि दाब बदलला की मुख्य लाइनमध्ये मिसळतं. तो मुळापासून कापून काढावा. रिकाम्या खोल्यांचे नळ आठवड्यातून एकदा तरी, आणि अतिदक्षता विभागात रोज, एक मिनिट सोडून ठेवावेत.

आरओ कशासाठी, कुठे

आता मूळ प्रश्न. आरओच्या मेम्ब्रेनला क्लोरीन सोसत नाही, म्हणून त्याच्या आधी कार्बनचा फिल्टर असतो. तो क्लोरीन शोषून घेतो. याचा अर्थ आरओतून निघणारं प्रत्येक थेंब पाणी उघडं, बिनराखणीचं असतं. मशीनमधून सरळ पेल्यात घेतलं तर काही बिघडत नाही. पण अनेक रुग्णालयांत तळघरात मोठा आरओ प्लँट, शेजारी ५०० किंवा १,००० लिटरची टाकी आणि तिथून मजल्यामजल्यांवर पाइप अशी रचना असते. क्लोरीन नसलेलं पाणी रात्रभर टाकीत आणि पाइपात उभं. यातून जंतूंचा थर धरला नाही तरच नवल. आमच्या मते आजारी माणसांसाठी याहून चुकीची रचना सापडणं कठीण.

आधी विचारायचं ते हे, की आरओ लागतोच का? आरओ क्षार काढतो. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणेच्या तलावांचं पाणी येतं. त्यात क्षार मुळातच कमी असतात, तिथे आरओ लावून चव आणखी फिकी करायची आणि पाणी वाया घालवायचं, यात काही मतलब नाही. मराठवाड्यातल्या बोअरचं जड, मचूळ पाणी, किंवा यवतमाळ-चंद्रपूरकडचं फ्लोराइडवालं पाणी असेल तर आरओ हवाच. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल आणि फ्लोराइड, नायट्रेट मर्यादेत असतील, तर बारीक गाळणी, कार्बन आणि यूव्ही, म्हणजे जंतू मारणारा अतिनील किरणांचा दिवा, एवढं पुरतं.

आरओ ठेवायचाच असेल तर तो वॉर्डापाशी, छोटा, साठवण कमीत कमी असलेला ठेवावा. मोठा प्लँट आधीपासून बसवलेला असेल तर दोनच वाटा आहेत. साठवलेल्या पाण्यात पुन्हा ०.२ ते ०.३ क्लोरीन घालून ते वर पाठवायचं आणि प्रत्येक वॉर्डात पेला भरायच्या नळालाच कार्बन आणि यूव्ही बसवायचे. नाहीतर पाइपाचा बंद वळसा करून पाणी चोवीस तास यूव्हीतून फिरतं ठेवायचं, आणि महिन्याला सगळा वळसा निर्जंतुक करायचा. पहिली वाट स्वस्त आणि आपल्याकडच्या विजेच्या लहरीत जास्त भरवशाची. क्लोरीन काढायचं काम शेवटच्या पावलावर राहतं, ते असं.

यूव्हीबद्दल दोन गोष्टी. दिवा पेटलेला दिसतो म्हणजे काम करतो असं नाही. साधारण ८,००० ते ९,००० तासांनंतर, म्हणजे वर्षभरात, त्याची जंतू मारण्याची ताकद उतरते, निळसर उजेड मात्र तसाच दिसत राहतो. आणि जड पाण्यात दिव्याभोवतीच्या काचेच्या नळीवर पांढरा थर बसतो. तो थर उन्हात धरलेल्या छत्रीसारखा किरण अडवतो. दर तीन महिन्यांनी नळी काढून लिंबूसत्वाच्या पाण्याने पुसावी.

सर्व्हिसला येणारा माणूस टीडीएस मीटर बुडवून ‘४० आलंय, एकदम शुद्ध’ म्हणतो. हा मीटर फक्त क्षार मोजतो. जंतू त्याला दिसत नाहीत. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलियन-बारे सिंड्रोमचे, म्हणजे नसांवर घाला घालून हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे, रुग्ण वाढले, काहींच्या शौचाच्या नमुन्यांत हा आजार मागे लावू शकणारा कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. त्या वेळी तपासलेल्या खासगी आरओ केंद्रांपैकी काहींचं पाणी पिण्यायोग्य नसल्याचं आढळलं. टीडीएस तिथेही कमीच असणार. कॅम्पायलोबॅक्टर क्लोरीनने सहज मरतो, पण आरओच्या पाण्यात क्लोरीनच नसतो.

हेच २० लिटरच्या थंड जारना लागू. सीलबंद, आयएसआय मार्क आणि परवाना क्रमांक असलेला जार वेगळा, आणि सुटं थंड पाणी भरून टेम्पोतून येणारा जार वेगळा. दुसऱ्या प्रकारचा जार कमजोर रुग्णांच्या वॉर्डात येऊ देऊ नये.

कूलर, जग आणि पेला

वॉर्डाबाहेरच्या स्टीलच्या कूलरमध्ये ४० ते ८० लिटरची टाकी असते. तिच्या तळाला पाणी काढायचा बूच असतो, नळ त्याच्या थोडा वर. मधलं बोटभर पाणी कधीच हलत नाही आणि गाळ तिथेच बसतो. म्हणून धुताना नळ उघडून भागत नाही, मागचा बूच काढावा लागतो. आठवड्याला एकदा पूर्ण रिकामा करून घासायचा, १,००० लिटरला १ लिटर याच प्रमाणात म्हणजे ४० लिटरला ४० मिलिलिटर हायपो घालून एक तास ठेवायचं, नळांतूनही ते पाणी काढायचं, मग दोनदा धुवायचा. नळाला ठिबक असेल तर तो लगेच बदलायचा, कारण ओल्या तोंडाशी थर लवकर धरतो. बाटली भरणारे नातेवाईक नळाचं तोंड बाटलीच्या आत घालतात. उष्ट्या बाटलीतले जंतू असे नळावर चढतात. नळ उंच आणि आडव्या पत्र्याच्या आड बसवला तर ही सवय आपोआप मोडते.

खाटेजवळचा जग झाकणाचा असावा. रोज एकदा साबणाने घासून, गरम पाण्याने धुवून, पालथा घालून सुकवायचा. फडक्याने आतून पुसायचा नाही. अर्धा जग उरला म्हणून वरून ताजं पाणी घालण्याची सवय मोडायला हवी. उरलेलं ओतून द्यायचं आणि मग भरायचं. माठ ठेवायचा तर तोटीचा, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं हवं, पेला बुडवणं बंद. माठात वाळा घालण्याची हौस घरी ठीक आहे, वॉर्डात नको. हात धुण्याच्या बेसिनच्या नळाचं पाणी प्यायला कधीच भरू नये. त्याच बेसिनमध्ये चहा, सलाइन, उष्टं पाणी ओतलं जातं, त्याने मोरीत जंतू पोसले जातात आणि पाण्याच्या धारेबरोबर वर उडतात.

ज्यांच्या पांढऱ्या पेशी उतरल्यात

इथे क्लोरीनवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात प्रक्रिया केलेल्या नळाच्या पाण्यातून त्याने सुमारे ४ लाख लोकांना आजारी पाडलं, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती मुळात खचलेली होती त्यांनाच जास्त झळ लागली. या रुग्णांसाठी साधं, जुनं उकळणंच उत्तम. पाणी खळखळ उकळायला लागल्यापासून एक मिनिट. वीस मिनिटं आटवण्याची गरज नाही. त्याच भांड्यात, झाकण ठेवून निववायचं, तोटीच्या भांड्यात भरायचं आणि २४ तासांत संपवायचं. डिस्पेन्सरच्या लाल नळाचं पाणी हाताला चटका देतं, पण ते उकळलेलं नसतं.

प्रत्यारोपण विभागात नळाच्या तोंडालाच ०.२ मायक्रॉनचा फिल्टर लावतात. तो जंतू आणि क्रिप्टोस्पोरिडियम अडवतो, विषाणू नाही. त्याची मुदत दिवसांत असते, बऱ्याच कंपन्यांची ३१ दिवस. लावल्याची तारीख त्यावरच लिहावी. पेला किंवा बोट त्याच्या तोंडाला लागलं तर फिल्टर बाहेरून बाटतो आणि मग त्याचा उपयोग उरत नाही.

बर्फाबद्दल कडक राहावं. मूत्रपिंडाच्या रुग्णांना मोजूनमापून पाणी मिळतं, त्यांना बर्फाचा खडा चघळायला दिला की थोड्या पाण्यात तहान भागते. पण तो उकळून निववलेल्या पाण्याचा, झाकणाच्या ट्रेमध्ये केलेला हवा. बाजारच्या लादीचा नको. महाराष्ट्रात २०१८पासून अखाद्य बर्फाला निळा रंग देणं बंधनकारक आहे, तरी पांढरा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असेल याची हमी त्यातून मिळत नाही.

बाळाची पावडर कालवायची तर पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या खाली उतरण्याआधी वापरायचं. जंतू पाण्यात नसले तरी पावडरीत असू शकतात आणि ते या उष्णतेने मरतात. दूध मग भांडं गार पाण्यात धरून कोमट करायचं, दोन तासांत संपवायचं, उरलेलं टाकायचं. बोंडलं किंवा वाटी-चमचा दर वेळी उकळून घ्यायचा, आणि बोंडल्याची चोच आतून ब्रशने घासलीय ना ते बघायचं.

ऑक्सिजनच्या बुडबुड्यांच्या बाटलीत आणि नेब्युलायझरमध्ये पिण्याचं पाणी चालत नाही, बाटलीबंदही नाही. तिथे निर्जंतुक पाणीच हवं. पिण्यायोग्य आणि निर्जंतुक हे दोन वेगळे शब्द आहेत.

चव

चवीला साधारण १०० ते ३०० टीडीएसचं पाणी बहुतेकांना गोड लागतं. ५०च्या खाली ते फिकं, बेचव वाटतं, १,०००च्या वर मचूळ. आरओत क्षार फार उतरले असतील तर मशीनचा मिसळणीचा व्हॉल्व्ह थोडा उघडून कच्चं पाणी मिसळतात. ते कच्चं पाणी कार्बन आणि यूव्हीतून गेलेलं आहे ना, हे पाहावं. मातकट, शेवाळी वास धरणातल्या शैवालातून येतो आणि तो क्लोरीनने जात नाही, कार्बनने जातो. कार्बनचा फिल्टर सहा महिन्यांनी बदलायचा. पाणी गार असलं की क्लोरीनचा वास कमी जाणवतो, म्हणून १५ अंशांच्या आसपासचं पाणी बहुतेक रुग्ण आनंदाने पितात. ज्यांना केमोच्या काही औषधांमुळे गार वस्तूने घशात झिणझिण्या येतात, त्यांना मात्र कोमटच द्यावं.

क्लोरीनचा वास घालवायला एक घरगुती युक्ती आहे आणि ती रसायनशास्त्रालाही पटते. लिंबातलं क जीवनसत्त्व क्लोरीनला निकामी करतं. ०.५ क्लोरीनच्या २०० मिलिलिटर पाण्यात क्लोरीन असतो अवघा ०.१ मिलिग्रॅम, त्याला लिंबाचे आठ-दहा थेंब पुरतात. धातूची चवही त्याने झाकते. लिंबू धुऊन कापायचं, थेंब पेल्यातच घालायचे, जगात नाही, आणि लगेच प्यायचं. तोंडात व्रण असतील तर हे टाळायचं. उकळलेलं पाणी बेचव लागतं, कारण त्यातली हवा निघून गेलेली असते. स्वच्छ बाटली अर्धी भरून, झाकण लावून मिनिटभर हलवली की चव परत येते. वृद्धांना तहान लागल्याचं कळतच नाही, त्यांना मागितल्यावर देण्याऐवजी दर तासाला अर्धा पेला हातात द्यावा.

नमुना घेताना

प्रयोगशाळेची बाटली निर्जंतुक हवी आणि तिच्यात सोडियम थायोसल्फेट असायला हवं. ते क्लोरीन थांबवतं. नाहीतर बाटलीत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. आदल्या दिवशी कूलर घासून नमुना घेण्यात काही हशील नाही. नमुना थंड पेटीत, शक्यतो सहा तासांत पोचवावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. स्यूडोमोनासची तपासणी हवी असेल तर ती वेगळी सांगून करून घ्यावी लागते.

जंतू सापडले तर त्याच नळाचे दोन नमुने घ्यायचे. एक पहाटे, नळ उघडताच आलेल्या पहिल्या पाण्याचा. दुसरा दोन मिनिटं पाणी सोडल्यावर, नळाचं तोंड निर्जंतुक करून. पहिला खराब आणि दुसरा चांगला आला तर दोष नळात आहे. जाळी काढा, नळ बदला, फिल्टर लावा. दोन्ही खराब आले तर दोष मागे आहे, पाइपात किंवा टाकीत, आणि तिथून एकेका जोडावर नमुने घेत मागे जावं लागतं. दोन्ही चांगले आणि जगातलं पाणीच खराब, असं झालं तर जग, झाकण आणि भरणारा हात तपासायचा. उत्तर मिळेपर्यंत त्या नळाला लाल फीत बांधायची, आणि वॉर्डाला उकळून निववलेलं किंवा रुग्णासमोर सील फोडलेलं पाणी द्यायचं.